वाटीभर पाणी

गेल्या आषाढापासून माझ्या सकाळच्या कामांत एका कामाची भर पडली आहे. एक दिवसाआड मी बाबूजींची दाढी करतो. त्यांचे वय आता एक्क्याऐंशी. उजव्या हाताला कंप आहे आणि हृदयविकारानंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. दाढी करताना दोनदा त्यांना हनुवटीवर कापले. दुसऱ्या वेळी रक्त थांबायला पाऊण तास लागला. त्या दिवशी दाढीचे सामान त्यांनी निमूटपणे माझ्यापुढे सरकवले. ब्रश, गोल साबण, रेझर, तुरटीचा खडा, हातात धरायचा आरसा आणि एक लहान स्टीलची वाटी. मी सवयीने मोठा मग भरून पाणी आणले, तेव्हा ते म्हणाले, “एवढं कशाला? वाटीत भागतं.”

वाटीत भागते हे मला ठाऊक होते. पण कसे भागते, हे मात्र ठाऊक नव्हते.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या दादाजींची कापडाची पेढी होती. त्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने दाढी केली नाही. ठरलेल्या दिवशी सकाळी न्हावी घरी येत. वयाने मोठे होते, म्हणून आम्ही मुले त्यांना बाबाच म्हणत असू. ओट्यावर पोते अंथरून दोघे समोरासमोर बसत. धोकटीतून वस्तरा, कात्री, नराणी, सहाणेचा तुकडा आणि चामड्याचा पट्टा निघे. आमच्या घरची पितळी वाटी आजी गाळलेल्या पाण्याने भरून ठेवी. साबण क्वचितच असे. बाबा बोटे पाण्यात बुडवीत आणि दादाजींचे गाल, हनुवटी, गळा चोळीत राहत, पाच-पाच मिनिटे. आम्हांला तो वेळकाढूपणा वाटे. खरे तर सगळी विद्या त्या चोळण्यातच होती. कोरडा केस चिवट असतो. त्याला दोन-तीन मिनिटे पाणी मिळाले की तो फुगतो, नरम होतो आणि निम्म्या जोराने कापला जातो. साबण त्वचेवरचा तेलकटपणा काढतो आणि पाणी केसापर्यंत पोहोचू देतो. साबण नसेल तेथे बोटांना ते काम करावे लागते.

मग बाबा डाव्या अंगठ्याने कातडे ताणून धरीत आणि वस्तरा केसाच्या कलाने उतरवीत. पात्यावरचे केस आपल्याच डाव्या तळहाताच्या कडेला पुसून टाकीत. वाटीतले पाणी त्यामुळे शेवटपर्यंत स्वच्छ राही. शेवटी तुरटी फिरवून झाली की दादाजी डोळे उघडत. तोवर गावातील निम्म्या बातम्या त्यांच्या कानी पडलेल्या असत. कोणाकडे स्थळ पाहत आहेत, कोणाची उधारी थकली आहे, कोणाचा मुलगा सुरतेला गेला. पेढीवर कोणापुढेही मान न तुकवणारे दादाजी त्या अर्ध्या तासात मात्र मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून, डोळे मिटून बसलेले मी पाहिले आहेत.

या आठवणीला एक काळी कडाही आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. न्हाव्याचा हा हात गावात सर्वांना मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहिले आहे की, साताऱ्यात न्हावी असूनही त्यांच्यासारख्या मुलांचे केस कापायला कोणी तयार नव्हता. ते काम त्यांची मोठी बहीण करी. ज्या ओट्याची मी आपुलकीने आठवण काढतो, त्या ओट्यावरून कित्येकांना परत पाठवले गेले असेल. स्वतःच्या हाताने करता येणारी दाढी आली, ही म्हणूनच केवळ सोय नव्हती.

ती आणली एका फिरत्या विक्रेत्याने, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट हे बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीचे विक्रेते होते. एकदा वापरून टाकून द्यावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा यावे अशी वस्तू काढ, असा सल्ला त्यांना बुचाच्या शोधकर्त्या मालकानेच दिला होता. १८९५ मध्ये दाढी करताना त्यांना पातळ पात्याची कल्पना सुचली. इतके पातळ पोलाद कडक करण्याची रीत सापडेपर्यंत काही वर्षे गेली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. असा हिशेब आला असता तर आपल्यापैकी बहुतेकांनी तो धंदा दिवाळीच्या आधीच आवरला असता! त्यांनी आवरला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या पडशीत सरकारनेच रेझर दिले. घरी परतलेल्या त्या माणसांना मग स्वतः दाढी करण्याची सवय लागलेली होती.

आमच्या घरात ती सवय बाबूजींपासून आली. कॉलेजात असताना त्यांनी पहिला सेफ्टी रेझर घेतला, तेव्हा दादाजी म्हणाले होते, “आता न्हाव्याचं कामही तूच कर.” जुनी पाती साध्या पोलादाची होती आणि दोन दिवसांत गंजत. न गंजणाऱ्या पोलादाची पाती जगाच्या बाजारात आली ती साठच्या दशकाच्या आरंभी. तोवर पाते पुसून, कोरडे करून, त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवावे लागे. धार गेली की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर ते बोटाने दाबून मागेपुढे घासत. त्याने दोन दाढ्या वाढत. पुढे ‘टोपाझ’, ‘सेव्हन ओ’क्लॉक’ ही नावे घरोघरी झाली, तरी बाबूजी एक पाते आठवडाभर पुरवीतच. त्यानंतर ते आईच्या शिवणाच्या डब्यात जाई, तिथून आमच्या पेन्सिलींना.

मऊ केस पोलादाची धार घालवतो तरी कसा, हा प्रश्न मला लहानपणापासून पडे. बाबूजींना विचारले तर ते म्हणत, “पाण्यानं दगड झिजतो, तसं.” अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असते, म्हणून ते हळूहळू झिजत असेल असा समज होता. सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिल्यावर दिसले की धार झिजत नाही, तिचे कण तुटतात. केस तिरका वाकला आणि धारेच्या नेमक्या कमजोर जागी लागला की टवका उडतो. ओला, नरम केस सरळ कापला जातो. म्हणजे न्हावीबाबांचे पाच मिनिटांचे चोळणे गालाइतकेच वस्तऱ्यासाठीही होते.

बाबूजींचा ब्रश नायलॉनचा आहे. पूर्वी उत्तम ब्रश म्हणजे डुकराच्या राठ केसांचा, त्याहून महाग तो बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. दाढीच्या साबणातही प्राण्यांची चरबी सर्रास असे. आपल्या घरांतून दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सामान घेतले जात नसे आणि दुकानदार बरेचदा उत्तर न देता डबी उलटीपालटी करून पाही. आज कृत्रिम तंतूंचे ब्रश इतके चांगले निघाले आहेत की फेसात काही उणे राहत नाही. ते लवकर वाळतातही. उणे राहते ते आपल्या बोअरच्या जड पाण्याने. खानदेशातील काळ्या खडकातून आलेल्या पाण्यातले क्षार साबणाशी जुळून पांढरा चिकटा धरतात आणि फेस बसतो. फेस येईना म्हणून साबण वाढवण्यापेक्षा वाटीभर पाणी उकळून, निवळून घ्यावे. क्षारांचा बराच भाग तळाशी बसतो. ज्या घरांत पिण्यासाठी उकळलेले पाणी असते त्यांना तर वेगळे काही करावे लागत नाही.

आता वाटीच्या गोष्टीकडे येतो. २००२ मध्ये जिलेट कंपनीने भारतासाठी ‘व्हेक्टर’ नावाचा स्वस्त रेझर आणला. आपल्याकडे लोक रोज दाढी करीत नाहीत, केस लांब होतात आणि पात्यांत अडकतात, म्हणून तो केर ढकलून काढण्याची पट्टी त्यात बसवली होती. चाचणी घेतली ती अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो पसंत पडला. येथे आल्यावर मात्र गणित चुकले, कारण ते विद्यार्थी वाहत्या नळाखाली रेझर धुवत होते आणि इथला माणूस वाटीत बुडवून. वाटीतल्या पाण्याला जोर नसतो, केस निघेनात. मग कंपनीची माणसे प्रत्यक्ष इकडे आली. घरोघरी जाऊन त्यांनी पाहिले की माणूस जमिनीवर बसला आहे, उजेड बेताचा आहे, एका हातात आरसा तोलून धरला आहे आणि पुढ्यात थोडेसे पाणी आहे. त्या पाहण्यातून २०१० मध्ये ‘गार्ड’ निघाला. एकच पाते, कातडे दाबून धरणारी दातेरी पट्टी, रेझर १५ रुपयांचा आणि पाते ५ रुपयांचे. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पाहायला इतकी वर्षे लागली, ते धुळ्याच्या कोणत्याही ओट्यावर फुकट दिसले असते. पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसण्याची बुद्धी तिला झाली, हेही थोडे नव्हे.

मी स्वतः मात्र नळवाल्यांच्या पिढीतला. जळगावला घर बांधले, बेसिन आले, फेसाचा डबा आला, दोन पात्यांचे, मग तीन पात्यांचे रेझर आले. पहिले पाते केस ओढून उचलते आणि पुढचे तो कातड्याच्या पातळीखाली कापते. गाल गुळगुळीत लागतो खरा, पण कुरळ्या दाढीच्या माणसाचा केस आतल्या आत वळून पुळी येते. माझ्या गळ्यावर ती वर्षानुवर्षे येत होती आणि मी दोष साबणाला देत होतो. पाण्याचा हिशेबही आता सांगून टाकतो. साधा नळ मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी सोडतो. चार मिनिटे तो चालू राहिला की एका दाढीला पंचवीस-तीस लिटर पाणी जाते. पाणी तुपासारखे वापरावे, असे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि नळाला पाणी रोज येत नाही अशा मुलखात मी तीस वर्षे हे करत होतो.

सलूनमध्येही काळ बदलला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या दहा वर्षांत पट्ट्यावर परजलेला वस्तरा मागे पडला. पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा मुठीत बसवायचा आणि गिऱ्हाइकासमोर बदलायचा, ही रीत आली. ती योग्यच आहे. काविळीचे काही विषाणूही याच वाटेने जातात. सलूनमध्ये नवे पाते मागण्यात संकोच मुळीच करू नये.

तर बाबूजींची दाढी. पहिल्या दिवशी मी त्यांच्या गालाला हात लावला आणि थबकलो. त्यांच्या पायांना मी आयुष्यभर हात लावला होता, गालाला कधीच नाही. कातडे सैल, मऊ, खाली उतरलेले. माझ्या गालावर सरळ चालणारा रेझर तिथे सुरकुतीत अडत होता. तीन पाती आणि नळ यांनी मला काही शिकवले नव्हते. मग मी ओट्यावरचे आठवू लागलो. कोमट पाण्याने भिजवलेला पंचा तीन मिनिटे गालावर. नंतर फेस, ब्रश गोल फिरवून. डाव्या अंगठ्याने कातडे वर ताणायचे आणि रेझर केसाच्या कलाने, स्वतःच्या वजनानेच उतरू द्यायचा. दाब द्यायचा नाही, उलटी दाढी करायची नाही. थोडी खुंटे राहिली तर राहू द्यायची. पाते एकच, पट्टी असलेले. दुधारी रेझर या वयात आणि या गोळ्यांवर नको, असे माझे मत झाले आहे. हात अगदीच स्थिर नसेल तर विजेवरचा ट्रिमर बरा. रक्त आलेच, तर स्वच्छ कापड न हलवता दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही तर डॉक्टरांना कळवावे.

पुढे वाचनात आले की त्याच कंपनीने २०१७ मध्ये ‘ट्रिओ’ नावाचा रेझर चाचणीसाठी काढला, दुसऱ्या माणसाची दाढी करण्यासाठी खास बनवलेला. आधीचे तिचे सारे रेझर माणसाने स्वतःवर चालवण्याचे होते. वाचून मला न्हावीबाबांची आठवण झाली.

आता आमचे बरे जमले आहे. मी केस रेझरवरून तळहाताच्या कडेला पुसतो, वाटी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. बाबूजी डोळे मिटून घेतात. दुकानातले जे ते एरवी विचारीत नाहीत ते त्या वेळी विचारतात. झाल्यावर डाव्या हाताने गाल चाचपतात आणि एखादी जागा दाखवून म्हणतात, “इथं राहिलं.”

मागच्या महिन्यात मालासाठी मला चार दिवस सुरतेला जावे लागले. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या पिढीप्रमाणे तो दाढी राखून आहे, ती ट्रिमरने कोरतो, पाण्याशी त्याचा संबंध नाही. जाताना मी त्याला पंचा, अंगठा, कल असे सगळे सांगू लागलो, तर तो म्हणाला, “पप्पा, रोज दारातून बघतो मी.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडून फोन केला. दादांची दाढी झाली का, असे विचारले.

“झाली,” तो म्हणाला. “कापलं नाही. आणि वाटीत थोडं पाणी उरलं.”