मिसळीचा रस्ता सापडतो, पुराची रेषा सापडत नाही

पावसाळा लागला की आमच्या हापिसातला प्रत्येक ग्रुप एकदा तरी पानशेतला जाऊन येतो. प्लॅन ठरलेला असतो. सकाळी सहाला निघायचं, खडकवासल्याच्या गर्दीला शिव्या घालायच्या, वाटेत मिसळ, मग पाण्यासमोर फोटो, आणि संध्याकाळी परत त्याच गर्दीत. या सगळ्यात मोबाईलमधल्या नकाशाचं काम एकच, "पुढे उजवीकडे वळा". म्हणजे हत्ती पाळायचा आणि त्याच्याकडून फक्त माशा हाकलून घ्यायच्या.

मागच्या शनिवारी पावसाने बेत फसला, म्हणून घरीच लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडून बसलो. बघा कधी, जाम मजा येते. आंबी नदीवरचं पानशेत आणि मोसे नदीवरचं वरसगाव, दोन्ही जलाशय शेजारी शेजारी, मधे फक्त एक डोंगररांग. मग सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं काढली. दर पाच दिवसांनी नवीन चित्र, एक पिक्सेल दहा मीटरचा, आणि सगळं फुकट. मे महिन्यातलं आणि सप्टेंबरमधलं चित्र एकाखाली एक ठेवा. उन्हाळ्यात पाणी आत आत सरकतं आणि काठाची उघडी जमीन दिसायला लागते. पावसाळ्यानंतर तीच जमीन गायब!

टाईमपास इथपर्यंत. मग मी माऊसने नदीच्या कडेकडेने खाली यायला लागलो आणि थेट त्या जागेवर आलो, जिथे आम्ही दोघं सध्या फ्लॅट बघतोय. ब्रोशरवर लिहिलंय 'रिव्हर व्ह्यू'.

आता थोडं गणित. पानशेतची क्षमता साधारण 10.65 टीएमसी, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. या तिघांनी सोडलेलं पाणी येतं खडकवासल्यात, आणि त्याची क्षमता 1.97! म्हणजे खडकवासला हे गोदाम नाही, नुसतं फाटक आहे. वरची धरणं भरली आणि पाऊस थांबला नाही, की पाणी शहरात येणारच.

12 जुलै 1961 ला काय झालं ते पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलंय. पानशेतचं काम पूर्ण न झालेलं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. पाणी कुठवर आलं होतं हे सांगताना ती अजूनही हात डोक्याच्या वर नेते.

"अरे, ते धरण फुटलं होतं, ते रोज थोडंच फुटतं?" कबूल. पण 25 जुलै 2024 ला कुठलंही धरण फुटलं नव्हतं. जोरदार पाऊस झाला, खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं.

यासाठीच पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपल्याला वाटतं, शंभर वर्षांनी ना, तेव्हा बघू. चूक! तो पूर दरवर्षी यायची शक्यता एक टक्का असते, निळ्या रेषेसाठी चार टक्के. आता होमलोनची वीस वर्षं घ्या. तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी यायची शक्यता 18 टक्के आणि निळ्या रेषेपर्यंत 56 टक्के. हप्ते फिटायच्या आत पाणी घरी यायची शक्यता नाणेफेकीपेक्षा जास्त!

हे बिल्डरच्या माणसाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "सर, गूगलवर बघून कोणी घर घेतं का?"

खरं सांगू? त्याचं अर्धं बरोबर आहे. 2000 साली अंतराळयानातून मोजलेली एसआरटीएमची उंची फुकट मिळते, पण तिचा पिक्सेल 30 मीटरचा आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. पुरात एक मीटर म्हणजे पार्किंग की हॉल, एवढा फरक. असली साधनं प्रश्न विचारायला पुरतात, उत्तर द्यायला नाही. उत्तर सरकारी पूररेषेतच आहे. मग ती द्या ना!

मी एका कार्यालयात गेलो. मिळाला तो स्कॅन केलेला नकाशा, तोही वाकडा. चार पूल खुणेला धरून मी तो क्यूजीआयएसमध्ये बसवला. 1:10,000 च्या नकाशावर दोन मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर 20 मीटर. आमची इमारत नेमकी त्या रेघेच्या जाडीत! आत की बाहेर? देव जाणे.

हे चीड आणणारं आहे. कारण रेषा आखताना मोजणी होते, अक्षांश-रेखांश असतात. त्याचा कागद करायचा, कागदाचा स्कॅन करायचा, म्हणजे दुधाचं दही करून लोकांना म्हणायचं, आता यातून दूध काढा. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नदीची पूररेषा नकाशावर थेट उघडेल अशा फाईलमध्ये द्या. ती कुठल्या वर्षी आखली आणि किती विसर्ग धरून आखली, हे सोबत लिहा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम म्हणतं, माहिती मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा. 2021 मध्ये केंद्राने भारतीयांसाठी नकाशांवरचे बहुतेक परवाने काढून टाकले. मग अडतंय कुठे?

म्हणे लोक घाबरतील. घाबरू देत! रात्री दोन वाजता गाडी ढकलत बाहेर काढण्यापेक्षा टोकन देण्याआधी घाबरलेलं परवडलं. म्हणे जागांचे भाव पडतील. म्हणजे आजचा भाव आपल्या अज्ञानाचा आहे, हे तुम्हीच कबूल करताय.

आणि आपण? या शहरात नकाशांवर काम करणारे माझ्यासारखे कितीतरी इंजिनियर आहेत. क्लायंटसाठी कुठल्या कुठल्या देशांतल्या गटारांचे नकाशे करतो, आणि स्वतःचं घर सॅम्पल फ्लॅटमधलं इंटिरियर बघून घेतो.

आम्ही अजून टोकन दिलेलं नाही. परवा आजीला लॅपटॉपवर फ्लॅटचे फोटो दाखवत होतो. हॉल बघितला, किचन बघितलं. मग म्हणाली, "ते राहू दे. नदी कुठेय ते दाखव आधी."

असो. पुढच्या वेळी पानशेतला जाल तेव्हा जरूर मिसळ खा. फक्त परत आल्यावर एकदा, ते पाणी तुमच्या घरापासून किती लांबून जातं, तेवढं बघा.