विश्लेषण : डेस्कटॉपवरच्या फाइल्स जातात कुठे? क्लाउड ‘सिंक’ म्हणजे बॅकअप का नव्हे?

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेकांना नवा संगणक घेणे, जुन्यावरच विंडोज ११ टाकणे किंवा सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेणे यांपैकी एक मार्ग निवडावा लागला. यातल्या प्रत्येक मार्गावर एक गोष्ट हमखास समोर येते, ती म्हणजे वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा. मग कधी डेस्कटॉप रिकामा दिसतो, कधी फाइलवर लाल फुली येते, कधी ‘स्टोरेज फुल’ असा संदेश झळकतो. घाबरून काहीतरी डिलीट केले जाते आणि खरे नुकसान अनेकदा तिथेच होते. हा प्रकार नेमका काय आहे आणि अशा वेळी काय करावे, याचा हा आढावा.

नेमके काय बदलले?

पूर्वी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर थेट संगणकाच्या हार्ड डिस्कवर असत. वनड्राइव्हचा ‘फोल्डर बॅकअप’ सुरू झाला, की हेच फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात जातात. पडद्यावर सारे पूर्वीसारखेच दिसते. पण फाइलचा पत्ता बदललेला असतो आणि तिची प्रत इंटरनेटवर पाठवली जात असते.

हा पर्याय पूर्वी वापरकर्त्याने निवडायचा होता. जून २०२४ मध्ये मात्र विंडोज ११ नव्याने बसवताना तो न विचारता सुरू होत असल्याचे तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळांनी निदर्शनास आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डच्या चाचणी आवृत्तीत नवी फाइल आपोआप क्लाउडवर जतन करण्याची सोय आणली. विंडोज १० वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवण्यासाठी जे पर्याय दिले गेले, त्यांतल्या एका मोफत पर्यायात मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर ठेवण्याची अट आहे. दुसरा पर्याय ३० डॉलर मोजण्याचा आणि तिसरा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरण्याचा.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सेटिंग्जचा बॅकअप घेणे वेगळे आणि तुमचे फोल्डर क्लाउडवर नेणे वेगळे. दोन्हींची बटणे विंडोज बॅकअपच्या एकाच खिडकीत असल्याने घाईत दोन्ही सुरू होतात. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे. लग्नाच्या फोटोंचा एक फोल्डर ती भरायला पुरेसा होतो.

सिंक आणि बॅकअप यांत फरक काय?

बॅकअप म्हणजे स्वतंत्र प्रत. मूळ फाइल बिघडली किंवा डिलीट झाली, तरी ती प्रत जशीच्या तशी राहते. सिंक म्हणजे आरसा. एका बाजूला जे घडते, तेच दुसऱ्या बाजूला घडते. संगणकावर फाइल बदलली की क्लाउडवरची बदलते. क्लाउडवरून डिलीट केली की संगणकावरूनही जाते.

‘मोबाइलवरून वनड्राइव्हमधले फोटो काढून टाकू, म्हणजे जागा मोकळी होईल, संगणकावर आहेतच’ असा हिशेब केला, तर दोन्हीकडचे फोटो जातात. ॲपलच्या आयक्लाउड फोटोजचेही तसेच आहे. आयफोनवर उडवलेला फोटो त्याच खात्याशी जोडलेल्या सगळ्या उपकरणांवरून जातो. कंपन्या ‘बॅकअप’ हा शब्द सिंकसाठीही सर्रास वापरतात, हे या गोंधळाचे मोठे कारण आहे.

फाइल दिसते, पण उघडत नाही, असे का?

हार्ड डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह काही फाइल्स फक्त क्लाउडवर ठेवते. संगणकावर तिचे नाव आणि चिन्ह तेवढे राहते. इंटरनेट असेल तर क्लिक केल्यावर ती उतरते, नसेल तर उघडत नाही. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपमध्येही ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात. ‘मिरर’मध्ये पूर्ण फाइल संगणकावर राहते, ‘स्ट्रीम’मध्ये ती मागणीनुसार येते.

वनड्राइव्हमधली चिन्हे ओळखता आली, की निम्मा गोंधळ मिटतो. निळ्या ढगाचे चिन्ह म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी बरोबरची खूण म्हणजे ती संगणकावर उतरलेली आहे, मात्र जागा कमी पडल्यास पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळातली खूण म्हणजे ती कायम संगणकावर राहील. फिरणारे निळे बाण म्हणजे काम चालू आहे, तर लाल फुली म्हणजे काम अडले आहे. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडले, की त्यातल्या फाइल्स पूर्ण उतरतात. संगणक फॉरमॅटला देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी हे तपासणे फार गरजेचे आहे. निळ्या ढगाच्या फाइल्स त्या हार्ड डिस्कवर नसतातच.

सिंक का अडते?

बहुतेक वेळा कारण साधे असते. पहिले म्हणजे क्लाउडवरची जागा संपणे. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत विभागलेली आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर नव्याने चढवलेले फोटोही त्यात मोजले जाऊ लागले आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲप बॅकअपची त्यात भर पडली. म्हणजे कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज येणारे व्हिडिओसुद्धा ड्राइव्हवरच्या फाइलची वाट अडवू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या ५ जीबीमध्ये फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुक डॉट कॉमच्या मेलला जोडलेल्या फाइल्सही धरल्या जातात.

दुसरे कारण संगणकाच्या सी ड्राइव्हवर जागा नसणे. तिसरे कारण फाइलचे नाव. विंडोजमध्ये तारांकन, प्रश्नचिन्ह, कोलन, उभी रेघ अशी काही चिन्हे नावात चालत नाहीत. दुसऱ्या उपकरणावरून अशा नावाची फाइल आली तर ती अडते. देवनागरीतल्या नावाला मात्र अडचण नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी उतरंड फार लांबली, तरी वनड्राइव्ह थांबते. पूर्ण पत्त्याची मर्यादा ४०० अक्षरांची आहे.

चौथे कारण इंटरनेटचे. कनेक्शन विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ म्हणून नोंदलेले असेल किंवा लॅपटॉप बॅटरी बचतीच्या स्थितीत असेल, तर वनड्राइव्ह सिंक थांबवू शकते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी हे आधी पाहावे. पाचवे कारण म्हणजे सतत उघड्या असणाऱ्या फाइल्स. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा किंवा आउटलुकची मोठी मेल फाइल सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. ती लिहिली जात असतानाच उचलली गेली, तर प्रत अर्धवट होण्याचा धोका असतो.

अडल्यावर कोणत्या क्रमाने तपासावे?

सुरुवातीचा नियम एकच : काहीही डिलीट करू नका, खाते तोडू नका, ॲप काढून टाकू नका. त्यानंतर पुढील क्रमाने जा.

१. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सिंक तात्पुरते थांबवा. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांचा पर्याय असतो.

२. ब्राउझरमधून वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचे संकेतस्थळ उघडा. फाइल तिथे दिसत असेल, तर ती सुरक्षित आहे आणि बिघाड फक्त संगणकाच्या बाजूला आहे.

३. खाते तेच आहे ना, हे पाहा. ऑफिसचे, घरचे आणि मुलांच्या शाळेचे अशी वेगवेगळी खाती एकाच संगणकावर असतील, तर हरवलेली फाइल दुसऱ्या खात्यात असण्याची शक्यता मोठी असते.

४. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, मग तुमचे नाव, त्यात वनड्राइव्ह आणि त्यात डेस्कटॉप असा फोल्डर शोधा. रिकाम्या दिसणाऱ्या डेस्कटॉपवरच्या फाइल्स अनेकदा इथे सापडतात.

५. संगणकावर आहे पण क्लाउडवर नाही, अशी प्रत्येक फाइल आधी पेन ड्राइव्हवर किंवा सिंकबाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’.

६. यानंतर जागा, नावे आणि इंटरनेट तपासून सिंक पुन्हा सुरू करा. संगणक रीस्टार्ट करणे, ॲप अपडेट करणे आणि अगदी शेवटी ॲप रीसेट करणे, हा त्यापुढचा क्रम.

एकाच फाइलच्या दोन प्रती दिसल्या आणि एकीच्या नावात संगणकाचे नाव असेल, तर दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाले आहेत असे समजावे. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय एकही उडवू नये.

गूगलच्या वापरकर्त्यांना काय धडा मिळाला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या काही वापरकर्त्यांच्या अलीकडच्या फाइल्स दिसेनाशा झाल्या. संगणकावरच्या ॲपच्या ८४ व्या आवृत्तीत दोष होता. गूगलने तेव्हा दिलेला सल्ला लक्षात ठेवण्यासारखा आहे. ॲपमधले ‘डिस्कनेक्ट अकाउंट’ दाबू नका आणि संगणकावरचा ॲपचा डेटा फोल्डर हलवू किंवा डिलीट करू नका, असे कंपनीने सांगितले. कारण क्लाउडपर्यंत न पोहोचलेल्या फाइल्सचा माग त्या फोल्डरमध्येच होता. डिसेंबरमध्ये नव्या आवृत्तीतून त्या परत मिळवण्याची सोय आली. ज्यांनी तोवर ॲप काढून टाकून पुन्हा बसवण्याचा नेहमीचा उपाय केला असेल, त्यांच्यासाठी ही वाट अवघड झाली. सिंकच्या बाबतीत घाईची दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडू शकते, ती अशी.

डिलीट झालेली फाइल परत मिळते का?

मिळते, पण मुदतीत. वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल साधारण ३० दिवस राहते. हा बिन संकेतस्थळावर जाऊन पाहायचा असतो. संगणकाचा रिसायकल बिन वेगळा, तोही तपासावा. फाइल असेल पण मजकूर बिघडला असेल, तर ‘व्हर्जन हिस्टरी’मधून आधीची आवृत्ती मिळू शकते. संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला तर कुलूपबंद झालेल्या फाइल्सही सिंक होतात, तेव्हा हीच सोय कामी येते. वनड्राइव्हचे पूर्ण खाते ३० दिवसांपर्यंत मागे नेण्याची सोयही आहे, पण ती मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे भरणाऱ्यांसाठी.

जागा संपलेले खाते तसेच सोडून देणेही धोक्याचे. मर्यादेपेक्षा जास्त भरलेले वनड्राइव्ह सहा महिन्यांनंतर काढून टाकण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टने राखून ठेवला आहे. गूगलच्या बाबतीत ही मुदत दोन वर्षांची आहे. दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचे धोरणही गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. आईवडिलांच्या नावाने काढलेल्या आणि विसरलेल्या खात्यात जुने फोटो असतील, तर त्यात अधूनमधून लॉगिन करणे आवश्यक आहे.

फोल्डर बॅकअप बंद करायचा असेल तर?

वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’ आणि तिथे ‘मॅनेज बॅकअप’ असा मार्ग आहे. मात्र तो बंद केल्यावर फाइल्स आपोआप जुन्या जागी परत येतीलच असे नाही. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहतात आणि डेस्कटॉप ओका दिसतो. म्हणून आधी सगळ्या फाइल्स संगणकावर पूर्ण उतरवून घ्याव्यात, त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, मग बॅकअप बंद करावा आणि फाइल्स मूळ फोल्डरमध्ये हलवाव्यात. क्लाउडवरची प्रत काढायची असेल, तर ते काम सर्वांत शेवटी.

कंपन्या हे का करतात?

याला दोन बाजू आहेत. हार्ड डिस्क बंद पडली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर क्लाउडवरची प्रत अनेकांना वाचवते आणि स्वतःहून बॅकअप घेणारे लोक थोडेच असतात. त्या दृष्टीने आपोआप सुरू होणारी सोय उपयोगाची आहे. पण ५ जीबीच्या जागेत न मावणारे फोल्डर आधी आत घ्यायचे आणि मग जागा संपल्याचा संदेश दाखवायचा, यात सशुल्क योजना विकण्याचा फायदा उघड आहे. प्रश्न सोयीचा नाही, विचारण्याचा आहे. आपली फाइल कुठे ठेवायची, हे ठरवण्याचा हक्क वापरकर्त्याचा आहे, आणि तो वापरण्यासाठी ती आत्ता कुठे आहे हे त्याला कळायला हवे.

घरच्या संगणकासाठी मग योग्य काय?

बॅकअपचा जुना नियम आजही चालतो : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडून कॉपी करावी आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचतो.

सारेच जपता येत नसेल, तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी जपावे. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका पुन्हा उतरवता येते. आजीच्या आवाजातले रेकॉर्डिंग, घराच्या व्यवहाराची स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे, मुलांचे लहानपणीचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. त्यांची यादी करून त्यांतली प्रत्येक फाइल आत्ता नेमकी कुठे आहे, हे एकदा स्वतः उघडून पाहावे. निळा ढग दिसला, तर ती संगणकावर उतरवून बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.