कोजागरीच्या वाटेवरची मच्छरदाणी

लातूरहून औसामार्गे तुळजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. कोजागरीला हे अंतर पायी काढणारे लातुरात गल्लोगल्ली भेटतात. पुढे कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे निघणाऱ्या पदयात्रा, आणि किनवट-माहूरच्या सागवानी रानात पोरं घेऊन जाणारे आपले ट्रेकवाले. सगळ्यांचा हंगाम आता सुरू होतोय, डासांचाही. पाऊस उघडलाय, डबकी भरलेली आहेत आणि थंडी अजून लांब आहे.

आपल्या सामानाच्या याद्या मात्र अजून पुण्याकडून उतरवून घेतलेल्या असतात. त्यात सह्याद्रीच्या पावसाचा हिशोब असतो. आपला मुक्काम पडतो शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर मंदिराच्या सभामंडपात. शहाबादी फरशीत खुंटी ठोकणार कुठे? ओल्या काळ्या रानात ठोकली, तर मुळा उपटावा तशी निघून येते. त्यामुळे चालायच्या काठीवर ताणून उभा करायचा हलका, महागडा तंबू आपल्याकडे मिरवण्यापुरता, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या कमानींवर उभी राहणारी, तळ शिवलेली जाळी घ्या आणि दवासाठी वर टाकायला पातळ कापड ठेवा. हॅमॉक किनवटला ठीक. औशाकडे तो बांधायला जोडीची झाडं शोधण्यातच रात्र होईल. शिवाय पाठीखालचं ताणलेलं कापड पातळ असलं, तर डास खालून त्यातूनही चावतो.

हे शहाणपण आम्हालाही उशिराच आलं. औशाच्या पुढे एका व्हरांड्यात आम्ही चार दोऱ्यांची घरगुती मच्छरदाणी लावली होती. दोन दोऱ्या खिडकीच्या गजांना, तिसरी दाराच्या कडीला आणि चौथी सोबत्याच्या सॅकला. मध्यरात्री पाण्याच्या बाटलीसाठी त्यानं सॅक ओढली आणि जाळी आमच्या उजव्या गुडघ्यावर येऊन बसली. सकाळी त्या गुडघ्यावर एकवीस गांधी मोजल्या, डाव्यावर एकही नव्हती. जाळी अंगाला टेकली की ती असून नसल्यासारखीच. म्हणून दुकानात वजन विचारण्याआधी आत आडवं होऊन कोपरं पसरून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

जाळीची वीणही बघा. चौरस इंचाला 156 छिद्रं हे डासांसाठीचं नेहमीचं माप, पण त्यातून वाळूमाशी सहज आत येते. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला आणि त्या गावाचंच नाव मिळालेला विषाणू हीच माशी पसरवते. ती जुन्या मातीच्या भिंतींच्या फटींत आणि गोठ्यांच्या आसपास असते, उडते तेही जमिनीलगत, अडखळत. गोठ्याशेजारची ओसरी कितीही आग्रहानं देऊ केली, तरी यजमानांना हात जोडून माळवदावर झोपायला परवानगी मागा. वर वारा असतो, आणि वाऱ्यापुढे डासाचंही फारसं चालत नाही.

लांबचं चालणाऱ्यांची खरी चूक जाळीत शिरण्याआधीच होते. दिवे लागणीला मुक्कामी पोचायचं, बूट काढायचे, पायाचे फोड उघडे टाकून हरिपाठाला बसायचं. घोटे डासांना आयतेच मिळतात. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या यादीत आहेत. या रोगाचे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्ताचे नमुने घेत फिरतात. तो पसरवणारा क्युलेक्स डास नाल्या-गटारांच्या घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. एका मुक्कामानं हत्तीरोग होत नाही, त्याला महिनोन्‌महिने चावे लागतात. पण मलेरियाला एक चावा पुरतो. डेंग्यूचा एडिस तर दिवसाउजेडी चावतो, म्हणजे दुपारी झाडाखालची डुलकीही उघड्या अंगानं नको.

वारकऱ्यांचा पांढरा सैल पोशाख इथे ट्रेकवाल्यांच्या काळ्या घट्ट टाइट्सपेक्षा उजवा. गडद रंगाकडे डास ओढले जातात आणि घट्ट कापडातून सोंड आरपार जाते. फोडांवर पट्टी, वर मोजे, उरल्या उघड्या कातडीवर मलम. ते रात्री पुन्हा लावायचं, कारण घामानं ते उतरतं. आणि कॉइल जाळीच्या आत कुणी पेटवू नये. दर हंगामात एक तरी महाभाग ते करतोच.

निघायच्या आदल्या रात्री जाळी घरात उभी करा. बाकीचे दिवे मालवून आत बॅटरी लावा आणि बाहेरून फिरून पाहा. जिथून उजेड नुसता झिरपण्याऐवजी थेट डोळ्यांवर येतो, तिथे सुईदोरा घ्या.