बाळंतिणीचा सव्वा महिना

आमच्या शेतकरी आणि कारागीर बंधूंच्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे घरांत प्रथम दोन प्रश्न निघतात. मुलगा कीं मुलगी, हा पहिला. आणि वेळ कोणती, हा दुसरा. बाळंतिणीच्या पोटांत कालपासून कांहीं गेलें आहे काय, हा तिसरा प्रश्न कोणी विचारलाच तर तो तिची आई विचारते. वेळ टिपून घेऊन घरचा कर्ता पुरुष जोशीबुवांकडे जातो आणि मूळ, ज्येष्ठा कीं आश्लेषा असें एखादें नक्षत्र डोक्यावर घेऊन परत येतो. मग शांत आली, दक्षिणा आली, तोंवर बापानें पोराचें तोंड पाहूं नये हें आलें, आणि पुढें तें तेला-तुपाच्या वाटींत पाहणेंही आलें. हल्लीं जोशीबुवा मोबाईलवरही भेटतात, पण दक्षिणा कांहीं त्यामुळें कमी झालेली आमच्या पाहण्यांत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणांत शेतकऱ्याच्या जन्माच्या आधींपासून मरणाच्या नंतरपर्यंत धर्माच्या नांवाखालीं त्याच्या गांठीचा पैसा कसा सुटतो, तें क्रमवार सांगितलें आहे. तें आमच्या वाचकांना पाठ आहे. म्हणून पुन्हां उगाळीत नाहीं.

आज आम्हांस बोलावयाचें आहे तें त्याच पैशाच्या दुसऱ्या उपयोगाविषयीं. शांत आणि बारसें यांवर जो पैसा उडतो, तो बाळंतिणीच्या जागीं शेतांत आणि घरांत मजूर लावण्याकडे खर्च झाला पाहिजे, आणि तरीही जें काम उरेल तें घरच्या पुरुषानें अंगावर घेतलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

हें बायकांचें बोलणें वर्तमानपत्रांत कशाला, असें कोणी म्हणेल. आमच्या घरीं सध्यां चार महिन्यांचें मूल आहे, आणि तें वाढतांना आम्ही रोज पाहत आहों. तान्हें मूल दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळां, कधीं बारा वेळां पितें. एका वेळेस अर्धा तास धरा; आईचे पांच-सहा तास नुसते पाजण्यांतच जातात. ढेकर काढणें, दुपटीं बदलणें, तीं धुऊन वाळविणें, हें त्यावर. रात्र म्हणून कांहीं निराळी नसते. तिसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे संध्याकाळचें रडणें सुरू झालें. दिवेलागण झाली कीं मूल पाय पोटाशीं घेऊन लालबुंद होऊन रडे. शेजारची एक म्हातारी म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओंवाळून झाल्या. दुसरी म्हणाली, आईला दूध नाहीं, वरचें घाला. तिसरीनें गुटींत जायफळाचे वेढे वाढवावयास सांगितलें. गांवची आशाताई आली, तिनें मूल तागडींत घातलें, वजन वाढलेलें दाखविलें, लघवी किती वेळां करतें तें विचारलें आणि सांगितलें कीं, दूध भरपूर आहे. असलें रडणें दीड महिन्यापर्यंत वाढत जातें आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतें. तसेंच झालें. तोंवर उपाय काय, तर मूल खांद्यावर घेऊन अंगणांत फेऱ्या घालणें. खांदा पुरुषालाही असतो. दिवसभर औत धरणाऱ्या किंवा घण मारणाऱ्या हाताला चार शेरांचें मूल जड होतें, हें आम्हांस पटत नाहीं.

आणि ह्या फेऱ्यांची मजुरीही मिळते. मूल झोपेंत हंसतें त्याला सटवाई हंसविते असें आमच्याकडे म्हणतात. दीड महिन्याचें झाल्यावर एके सकाळीं तें जागेपणीं हंसलें, सरळ तोंडाकडे पाहून. ज्या बापानें पहिले तीन महिने ‘बायकांचें काम’ म्हणून ओसरीवर काढले, त्याच्या हातचें हें गेलें; तें पुढें कितीही पेढे वांटले तरी परत येत नाहीं.

जुनें तें सगळेंच वाईट, असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल शहाणपणाची आहे. सासरच्या चुलीपासून आणि शेतापासून पोर निदान दोन-तीन महिने सुटते. अळीव, डिंक, मेथी यांचे लाडू, अंगाला तेल, जुन्या लुगड्याचीं मऊ दुपटीं, हें सर्व चांगलेंच आहे. पण बाळंतिणीला पाणी तोडून प्यावयास लावणें, भाजीपाला बंद करणें आणि कोंदट खोलींत धुरी घालून तान्ह्याच्या छातींत धूर भरणें, हें काय म्हणून? जिच्या अंगांतून दिवसाला एवढें दूध निघावयाचें, तिला पाणी जास्त लागणार हें म्हैस पाळणाऱ्याला सांगावें लागूं नये.

चिकाचीही तीच गोष्ट. पहिल्या दोन-तीन दिवसांचें घट्ट पिवळसर दूध कित्येक घरांत पिळून टाकितात आणि मुलाला मध किंवा गुळाचें पाणी चाटवितात. तेंच गाय व्याली, तर वासराला चीक पाजल्याखेरीज शेतकरी गोठ्यांतून हलत नाहीं, आणि वासराचा भागून उरलेल्या चिकाचा खरवस घरचीं माणसें बोटें चाटून खातात. वासराला लागू असलेलें शहाणपण आपल्या लेकराला कां लागू करूं नये? सहा महिने आईच्या दुधावांचून मुलाला मध, गुटी, पाणी, कांहीं एक लागत नाहीं. जायफळ-वेखंडाच्या वेढ्यांनीं मूल झोपतें खरें, पण गुंगीला झोप म्हणूं नये.

मात्र सगळा दोष म्हाताऱ्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभरांपैकीं ८८ च्या वर बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं, आणि जन्मल्यापासून तासाभराच्या आंत अंगावर पाजलेलीं मुलें मात्र शंभरांत ४२ देखील भरलीं नाहींत. म्हणजे पहिला तास डॉक्टर आणि नर्सबाई यांच्या डोळ्यांदेखत निघून जातो. तेथें नक्षत्र आडवें येत नाहीं. घाई येते, आणि अडाणी समजून बाळंतिणीला कांहीं न सांगण्याची संवय येते. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे. म्हणून दवाखान्यांत कोणी सबळ कारण न सांगतां डब्बा लिहून दिला, तर तो कां, हें बापानें तेथेंच धीटपणें विचारावें. पांढऱ्या कोटाला पाहून हात जोडून उभें राहणें आणि पंचांगाला पाहून उभें राहणें यांत आम्हांला फरक दिसत नाहीं.

येथें सुइणीविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. दवाखाने होण्यापूर्वीं गांवोगांवचीं बाळंतपणें ज्यांच्या हातांनीं झालीं, त्या सुइणी बहुधा मांग, महार, न्हावी यांच्या घरच्या असत. आडवें मूल हातानें वळविणारी, नाळ कापणारी, पहिली आंघोळ घालणारी तीच. आणि सोयर फिटलें, घर सारवलें, कीं त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर तिच्या पदरांत सूप रिकामें होई! ज्या हातांत आपण जन्मलों त्या हाताचा विटाळ मानणारा समाज विद्येला मान देतो असें म्हणणें ही थट्टा आहे. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तेथें बायकांचीं बाळंतपणें केलीं, आणि एका ब्राह्मण विधवेचें मूल पुढें आपलें म्हणून वाढविलें. तो यशवंत डॉक्टर झाला. पोटच्या नसलेल्या पोरासाठीं ज्यांनीं रात्री जागविल्या, त्यांचें नांव घेणाऱ्या पुरुषांना स्वतःच्या पोरासाठीं जागतां येऊं नये काय?

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. बाई अडाणी म्हणून मुलाची हेळसांड होते, ही सुशिक्षितांची आवडती समजूत आहे. मुंबईच्या गिरण्यांत ज्या काळीं हजारों बायका कामाला जात, त्या काळीं तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन निजवीत आणि आई साच्यावर उभी राही. तिला अफू ठाऊक नव्हती असें नाहीं. तिला रजा नव्हती. हें ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत प्रसूतिभत्त्याच्या बिलाचा पुरस्कार केला आणि १९२९ सालीं कायदा झाला. १९६१ सालीं सबंध देशाचा कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनें पगारी नोकरींतल्या बाईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. फार चांगलें झालें. पण २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. आणि आमच्या खुरपणाऱ्या, भांगलणाऱ्या, मागावर कांडी भरणाऱ्या, वीटभट्टीवर माती कालविणाऱ्या बाईला किती?

तिच्यासाठीं प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. २०१७ पासून पहिल्या मुलाला हप्त्यांनीं ५,००० रुपये. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. भागाकार करून पाहावा. सतरा दिवसही पुरते भरत नाहींत. एकीस १८२ दिवस आणि दुसरीस सतरा! दोघींचें बाळंतपण सारखेंच दुखतें, दोघींचीं मुलें बारा वेळांच पितात. ऊंसतोडीला जाणाऱ्या बाईची तर गोष्टच सोडा. तेथें नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधींच खाऊन झालेली असते, आणि एक दिवस बसली तर खाडा लागतो. दोन महिन्यांचें मूल फडाच्या कडेला झोळींत असतें, आणि मोळी बांधतांना आईचा कान त्या झोळीकडे असतो. तिला ‘सहा महिने अंगावरच पाजा’ असें भिंतीवर रंगवून सांगणारांनीं, कधीं पाजावें तेंही खालीं लिहावें. सरकारनें अंगमेहनत करणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला निदान तीन महिन्यांच्या मजुरीइतका भत्ता द्यावा, ही मागणी ग्रामसभांतून ठराव करून गेली पाहिजे. निवडणुकीच्या वेळीं मतें मागावयास येणारांना हा १८२ आणि सतराचा हिशेब घालावा.

पण सरकारची वाट पाहत मूल थांबत नाहीं. म्हणून आधीं घरचें. ज्या घरीं शांतीला, मांडवाला, बारशाच्या पंगतीला आणि हल्लीं निघालेल्या भोंग्याला पैसा निघतो, त्या घरीं बाईच्या जागीं खुरपायला रोजंदारीची बाई लावण्यास पैसा नाहीं, असें आम्हीं ऐकून घेणार नाहीं. नांव ठेवावयाचें तर चार आयाबायांनीं मिळून कुर्र करावें आणि घुगऱ्या वांटाव्या. मूल त्यानेंही हांकेला ओ देतें. सुताराच्या घरीं पाळणा होतो, शिंप्याच्या घरीं कुंची-झबलें होतें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आणि मुलगी झाली म्हणून लाडू कमी व चूल लवकर, हा जो हिशेब कित्येक सासरीं गुपचूप चालतो, तो करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दूध पिणारें तोंड मुलाचें कीं मुलीचें हें आईच्या अंगाला कळत नाहीं.

पुरुषांनीं काय करावें, हें अनेक वाचक विचारतील म्हणून सांगतों. पाणी भरावें, सरपण किंवा गॅस पाहावा, दुपटीं धुवावीं, मोठें मूल असेल तर तें आपल्याजवळ निजवावें, आणि रात्रीं एकदां तरी उठून ढेकर काढावा. आठ दिवसांत हात बसतो. बायकोला माहेरीं पाठविली असेल, तर बारशालाच उगवूं नये. तेथें सासूसासऱ्यांच्या घरांतही पोतेंभर धान्य आणि चार दिवसांची आपली मेहनत पोंचती करावी.

विद्या ही कोणा एकाची मिरास नाहीं, याचा दाखला ह्या बाबतींत आपल्याच महाराष्ट्रांत आहे. गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांतील साध्या, थोडेंसें शिकलेल्या बायकांना तयार केलें. मूल कसें तोलावें, ऊब कशी द्यावी, श्वास कसा मोजावा, जंतुदोष कसा ओळखावा आणि औषध कसें द्यावें, हें त्या शिकल्या. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकाच्या साप्ताहिकांत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, तुलनेस घेतलेल्या गांवांच्या मानानें तेथें नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले. गांवच्या बायकांनीं हें केलें. त्यावरूनच पुढें २०११ पासून देशभर आशाताईंनीं तान्ह्याच्या घरीं जाण्याची रीत सुरू झाली.

दवाखान्यांत बाळंतपण झालें असेल तर तिनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं घरीं यावयाचें असतें. पांचवीच्या पाट्यावर सटवाईसाठीं कोरा कागद आणि लेखणी ठेवितात. त्याच कागदावर हे सहा दिवस लिहून तो पाळण्याजवळ लावावा. मूल ओढून पिईनासें झालें, रडणें क्षीण झालें, अंग गार पडलें, श्वास भराभर चालूं लागला किंवा छाती आंत ओढली जाऊं लागली, तर सहा दिवसांची वाट न पाहतां तडक दवाखाना गांठावा. आशाताई येईल तेव्हां बापानें घरीं राहावें, वजन स्वतः पाहावें आणि मागच्या वजनाशीं ताडून घ्यावें. ज्या गांवीं ती ठरल्या दिवशीं येत नसेल किंवा तिला तागडीच मिळालेली नसेल, तेथील वाचकांनीं गांव आणि तालुका लिहून आम्हांस कळवावें. आम्ही तें पुढच्या अंकीं छापूं.