केरींचे मुद्राचित्र आणि शेजारचा पंडित

रॉबर्ट होम यांनी रंगविलेल्या विल्यम केरींच्या व्यक्तिचित्रावरून वर्दिंग्टन यांनी धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र आज संग्रहालयांच्या मुद्राचित्रांत जपलेले आढळते. हातात लेखणी घेतलेले केरी मेजाशी बसले आहेत आणि शेजारी एक पंडित आहे. हे पंडित म्हणजे बंगाली गद्यकार मृत्युंजय विद्यालंकार, असे परंपरेने मानले जाते. तरीही नोंदींतून त्यांची ओळख पुष्कळदा ‘ब्राह्मण पंडित’ एवढ्यावरच थांबते. बायबलच्या भाषांतरकाराची विद्वत्ता सूचित करणारे एक उपकरण, एवढेच त्यांचे चित्रातील स्थान उरते.

मराठीच्या अभ्यासकाने या चित्राकडे केवळ कुतूहलाने पाहू नये. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मोडी टंकांचा उपयोग केलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. या दोन्ही कामी त्यांना कॉलेजचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. होम यांच्या चित्रात बंगालच्या पंडिताला निदान चेहरा तरी मिळाला. वैजनाथांना तोही नाही. आपले वाङ्मयेतिहास ‘केरीचे व्याकरण’, ‘केरीचा कोश’ असे सहज लिहून जातात. ही केवळ लेखनातील सोय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

बारामती-इंदापूर परिसरातील अध्यापकांना या प्रश्नाची एक जवळची बाजू दिसावी. केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. मोरोपंतांचे देहावसान १७९४ च्या चैत्रात बारामतीस झाले. पंत बाबूजी नाईकांच्या पदरी पुराणिक होते. पुराण सांगणे, अर्थ उलगडणे, संस्कृत आणि मराठी यांच्यामध्ये वावरणे हा त्यांचा व्यवसाय. केरींच्या मेजाशेजारचा पंडित याच वर्गातला. बदलला तो केवळ आश्रयदाता. नाईकांच्या आश्रयात पंडिताचे नाव ग्रंथकर्ता म्हणून टिकले, कंपनीच्या कॉलेजात मात्र ते प्रस्तावनेपुरते उरले. (इंदापूर तालुक्याच्या १८३० नंतरच्या जमीन-पाहणीलाही गोल्डस्मिड आणि विंगेट यांचीच नावे चिकटली आहेत, शिवारे तुडविणाऱ्या कारकुनांची नाहीत.)

यात केरींचे श्रम नाकारण्याचा हेतू नाही. टंक पाडून घेणे, ग्रंथाची आखणी करणे आणि मुद्रण तडीस नेणे ही कामे त्यांच्याविना झाली नसती. परंतु शब्दांचे अर्थ आणि बोलीतील छटा वैजनाथांसारख्यांकडूनच येणार. म्हणून पदव्युत्तर वर्गात ‘केकावली’ आणि १८१० चा कोश शेजारी ठेवून वाचावेत, आणि पुराणिकाची शब्दसंपदा कोशात कितपत उतरली, हे विद्यार्थ्यांकडून शब्दागणिक तपासून घ्यावे. एखाद्या लघुप्रबंधास हा विषय सहज पुरेल. आणि महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या तालिकापत्रावर केरींच्या नावाखाली वैजनाथ शर्मा यांचीही नोंद करावी. त्यासाठी कोणत्याही मंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.