माप कापडाचे चुकते, बाईचे नाही

मैत्रिणींनो, ओटी भरताना आपण एकमेकींना ब्लाउजपीस देतो. ते साधारण ८० सेंटिमीटरचे असते. माझी छाती ४४ इंच. त्यात माझे ब्लाउज होत नाही. तुमच्यापैकी अनेकींच्या ट्रंकेत असे खण नुसते पडून असतील. पण शिबिरात आपण यावर बोलत नाही. हा नटण्यामुरडण्याचा विषय, चळवळीचा नव्हे, असे आपणच धरून चालतो. मला ते पटत नाही.

आमचे वडगाव रासाई भीमेकाठचे, उसाच्या पट्ट्यातले. इथली बाई खुरपते, भारे उचलते, बैठकीला जाते. हात वर केला की ब्लाउज बगलेत उसवते. ग्रामसभेत बोलायला उठायचे तर मुद्दा आठवण्याआधी पदर सावरायचा. शिंपी जास्त मापाचे जास्त पैसे मागतो आणि वर सांगतो, "वहिनी, जरा वजन कमी करा." घरचे म्हणतात, "सैल घाल, झाकून जाईल." पण सैल म्हणजे मापाचे नव्हे. आम्हाला झाकायचे नाही, वावरायचे आहे. आणि हो, छान दिसायचेही आहे. त्यात लाजायचे काय?

आम्ही थोड्याथोडक्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचे वजन ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त होते. बाळंतपण, वय, थायरॉइड, कारणे अनेक. उपचार लागेल तिने जरूर घ्यावा, पण तोवर तिने अंगात काय घालायचे?

नऊवारीला माप नव्हते. पुढे गाठ मारायची चोळी अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येई. तयार कपडे आले आणि बाईच मापाबाहेर ठरली. भारतीय मापे ठरवण्यासाठी निफ्ट या सरकारी संस्थेने २५,००० माणसांची मापे घेण्याचा प्रकल्प आखला, तो दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँगसह सहा शहरांत. शेतात राबणाऱ्या बाईचे दंड आणि खांदे त्यात कुठून येणार?

शिवणवर्गात बहुधा मधल्या मापाचा कागद शिकवतात आणि मोठ्या बाईसाठी तोच चहूबाजूंनी वाढवतात. इथेच चुकते. छाती दहा इंचांनी वाढली म्हणून खांदा त्या प्रमाणात वाढत नाही. पुढच्या भागाला उंची जास्त आणि टक्स खोल लागतात, नाहीतर हुकांमध्ये फट पडते. मुंढा खोल कापला की हातासोबत सगळे ब्लाउज वर ओढले जाते. तो बगलेजवळ ठेवून बाही दंडावर रुंद केली तर हात मोकळा फिरतो. यात अवघड काही नाही, फक्त ते कोणी शिकवत नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाच्या अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. मशीन मिळेल, पण बेतणे कोण शिकवणार? म्हणून आपल्या गटांनी मागणी करावी: प्रत्येक शिवणवर्गात ४० इंचांपुढचे ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस प्रत्यक्ष अंगावरचे माप घेऊन शिकवावेत. गटातल्या शिवणाऱ्या बायकांनी जास्तीचे कापड लागले तर त्याचे पैसे घ्यावेत, अंगाचा दंड घेऊ नये. आणि शिवणीत दोन बोटे माया ठेवावी. बाईचे अंग बदलते, कपड्यालाही बदलता आले पाहिजे.