सृष्टिविचार : अचला पृथ्वी आणि तिची गवती त्वचा

गेल्या श्रावणांत आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या माझ्यापाशीं अमरकोश म्हणूं लागली. पृथ्वीचीं नांवें आलीं तेव्हां 'अचला' आणि 'स्थिरा' ह्या दोन शब्दांपाशीं ती थबकली व म्हणाली, "आजोबा, किल्लारीला जमीन हालली होती ना? मग ती अचला कशी?" सारा जन्म शिकविण्यांत गेलेल्या मजसारख्या मास्तरालाहि चटकन् उत्तर सुचेना. तोंच तिनें दुसरा प्रश्न केला : "आणि तेथल्या गवताचें काय झालें?" माणसांचें व घरांचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे, गवताची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. ह्या महिन्याचें सदर त्या प्रश्नासाठीं राखून ठेविलें आहे.

ता. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यांतील कोणतेंहि कुटुंब विसरलें नसेल. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. चार वाजण्याच्या सुमारास धरणी हालली आणि सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. आमच्या आष्टीस माजघरांतील फळीवरचीं भांडीं वाजलीं. आम्ही मुलांस उचलून अंगणांत आलों, तों पुन्हा सर्व शांत. परंतु किल्लारीकडील बरीचशी जमीन सपाट व नांगरटीची. डोंगरमाथ्यावरील गवताची हकीकत जाणावयाची तर आपणांस सह्याद्रीवर जावें लागेल.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरास ६·३ प्रतीचा भूकंप झाला. शिवाजीसागर जलाशयांत पाणी सांठूं लागून त्या वेळीं पांच-सहा वर्षें झालीं होतीं. सांठलेल्या पाण्याचा भार खडकावर पडतो, पाणी खोल फटींत शिरतें, आणि मुळांत ताणलेला खडक सरकतो, अशी त्याची कारणमीमांसा शास्त्रज्ञ देतात. त्याचाच शोध घेण्याकरितां पुढें त्या प्रदेशांत ३ किलोमीटर खोल छिद्रहि घेण्यांत आलें. त्या पहाटे जमिनीस लांबवर भेगा पडल्या व डोंगरउतारांवरून दरडी कोसळल्या. प्रसिद्ध कासचें पठार तेथून उत्तरेस सरळ रेषेंत चाळीस किलोमीटरांच्या आंत आहे, हें तेथें फुलें पाहण्यास जाणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत येत असेल.

ह्या पठारांना तिकडे 'सडे' म्हणतात. उंची सुमारें चार हजार फूट. वर जांभ्या दगडाचें झांकण आणि त्यावर कोठें वीतभर, कोठें बोटभर माती. पावसाळ्याचे चार महिने तीवर पाणी उभें राहतें आणि उरलेले आठ महिने ती तव्यासारखी तापते. एवढ्याशा मातींत गेंद, तेरडा, कवला, सीतेचीं आसवें, दवबिंदू अशा वनस्पती नांदतात. माती इतकी निःसत्त्व कीं शेवटच्या दोघी कीटक धरून आपली उणीव भरून काढतात. एक वनस्पती डबक्याच्या मध्यावर, दुसरी त्याच्या कांठावर, तिसरी हातभर दूर कोरड्या खडकावर, असा त्यांचा शेजार ठरलेला असतो. आणि तो ठरविणारें पाणीच होय.

आतां भूकंप येथें काय करतो तें पाहूं. पहिली गोष्ट, खडकास भेग पडली कीं सांठणारें पाणी झिरपून जातें. डबकें वेळेआधीं आटतें, तेव्हां पाणथळ वनस्पतींची जागा कोरडें सोसणारें गवत घेतें. उलट खालच्या अंगास नवा झरा फुटला तर जेथें कुसळी होती तेथें लव्हाळा येतो. दुसरी गोष्ट, उतारावरील माती सुटते. ती बहुधा त्याच क्षणीं सर्व पडत नाहीं. सैल होऊन राहते आणि पुढच्या एखाद्या मुसळधार पावसांत घसरते. तिसरी गोष्ट बियांची. कारवी सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते, बीं टाकते व मरते. फुलण्याच्या आदल्या वर्षीं जर दरड कोसळली, तर त्या उतारावरील सारी पिढी बीं न टाकतांच नाहींशी होते आणि तेथें नवें बीं शेजारच्या उतारावरूनच यावें लागतें. शेजारचा उतार शाबूत असला तरच तें येणार!

हिमालयाच्या बाजूस हेंच कार्य मोठ्या मापानें घडतें. ता. १५ ऑगस्ट १९५० च्या आसामच्या महाभूकंपाच्या वेळीं फ्रँक किंग्डन-वॉर्ड हे वनस्पतिसंग्राहक तिबेटच्या सीमेवर रिमा येथें होते. आजूबाजूचे डोंगर कोसळतांना त्यांनीं प्रत्यक्ष पाहिले. अलीकडे, ता. २२ मे २०२१ रोजीं, तिबेटच्या पठारावर मादुओ येथें ४,००० मीटरांहून अधिक उंचीच्या कुरणांतून मोठी भेग धांवली. तेथील कुरण म्हणजे लव्हाळ्यांच्या मुळांनीं विणलेली जाड घोंगडीच. ती फाटली कीं फाटल्या कडा वाळतात, माती उघडी पडते, आणि उघड्या मातींत प्रथम हलक्या बियांच्या व लवकर वाढणाऱ्या वनस्पती येतात. तेथील थंडींत घोंगडी पुन्हा विणली जाण्यास मनुष्याचें आयुष्य पुरत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, बालाघाटाच्या पर्जन्यछायेंत बसलेल्या आष्टीकरांस ह्याचें काय? म्हणून एक कबुली देतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मीं विद्यार्थ्यांस घेऊन गांवाजवळच्या माळावर वृक्षारोपण केलें. पवन्या आणि कुसळी उपटून आम्हीं शेंकडों खड्डे खणले. भाषणें झालीं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या उन्हाळ्यांत रोपें वाळून गेलीं, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत प्रत्येक खड्ड्यांत गाजरगवत उभें राहिलें. एक वृद्ध धनगर मला म्हणाला, "मास्तर, डोंगराची कातडी सोलली तुमी. आता मेंढरानं काय खावं?" मी निरुत्तर झालों. भूकंपाच्या भेगेंत निदान शेजारचें गवत परत येण्याचा संभव असतो. आमच्या खड्ड्यांशेजारीं तें चराईनें आधींच क्षीण झालें होतें, आणि परकें तण सडकेच्या कडेला वाटच पाहत होतें.

ह्या वर्षीं त्याच माळाच्या उरलेल्या अर्ध्या भागांत यंत्रानें चर खणून झाडें लावण्याचा बेत आहे. खणण्याचा आरंभ माझ्या हस्तें व्हावा असा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आग्रह आहे. मुलगा गुणी आहे, हेतु निर्मळ आहे. त्याला दुखविणें जिवावर येतें. तरी मी त्याला कळविलें आहे कीं, मी येईन, परंतु कुदळ मारणार नाहीं. आधीं आपण दोघे तो माळ पायीं हिंडूं, कोठें गवत जिवंत आहे तें पाहूं, आणि झाडें लावणेंच असेल तर बांधांवर, ओढ्याकांठीं व घरांच्या अंगणांत लावूं. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति कीं, कासला गेलांत तर आंखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकूं नका. तेथील बोटभर मातीवर पडणारें पाऊल हाहि त्या फुलांस एक लहानसा भूकंपच होय.

नातीला मीं अखेर सांगितलें कीं, कोशकारानें पृथ्वीला 'सर्वंसहा' असेंहि म्हटलें आहे. ती म्हणाली, "पण आजोबा, सहन करते म्हणून आपण खणायचं का?" तिला घेऊनच मी त्या माळावर जाणार आहें.